मूठ वळते, पण सुटत नाही

चिवला | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६३ वर्षांचे, मालवणजवळ घर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे मासेमारीबंदी लागून दहाएक दिवस झाले असतील, पडवीत जाळी दुरुस्त करत बसले होते. हातातली सुई दोनदा गळून पडली. आई म्हणाली, झोप झाली नसेल. तिसऱ्यांदा पडली ती उचलायला वाकले आणि उजवीकडे कलंडले ते कलंडलेच. शेजारच्या काकींनी बघितल्याबरोबर सांगितलं, "अंगावरसून वारा गेलो." म्हणजे लकवा.

रिपोर्टमध्ये आहे: मेंदूत डाव्या बाजूच्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये रक्तपुरवठा बंद पडून डाग. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला, जेमतेम हरभऱ्याएवढा. बोलणं जड झालं होतं ते महिनाभरात सुटलं. पाय बराच आला, काठी घेऊन समुद्रापर्यंत जातात. हात खांद्याच्या उंचीपर्यंत उचलतात. मूठ तर अशी वळतात की मी बोट दिलं तर मलाच सोडवून घ्यावं लागतं. पण मूठ उघडत नाही. डाव्या हाताने एकेक बोट सोडवून घेतात. "मूठ वळता, पण सुटना नाय," हे दिवसातून दहा वेळा ऐकतेय.

घरी येणारा प्रत्येक जण सांगतो, बॉल दाबा. तीन बॉल जमलेत, त्यातला एक हसऱ्या तोंडाचा पिवळा. बाबा इमानदारीत रोज पाचशे वेळा दाबतात. मूठ आणखी घट्ट झाली, उघडायचं नाव नाही.

दोन प्रश्न आहेत. हरभऱ्याएवढ्या डागाने अख्खी बाजू कशी जाते? आणि हातात एवढी ताकद आहे तर ती उघडायलाच का नाही?

एक विचित्र गोष्टही सांगते. बाबांना मोठी जांभई आली की उजवा हात आपोआप वर उठतो, ते काहीच करत नसतात. पहिल्यांदा झालं तेव्हा आईने देवापुढे नारळ ठेवला.

---

तिरफळ | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

धीर सोडू नका. माझ्या मामांना बॉलनेच फरक पडला. सातत्य हवं. सोबत रोज तेलाने मालीश.

---

आगाऊ_आंबा | ९ नोव्हेंबर, रात्री ११:५२

कबुतराचं रक्त चोळायला कोणी सांगितलं नाही अजून? आमच्या देवगडात पहिल्याच दिवशी सांगतात. (हलकेच घ्या.)

---

चिवला | १० नोव्हेंबर, सकाळी ६:३०

सांगितलं. दोघांनी. त्यातल्या एकाने कबुतर आणूनही देतो म्हटलं.

---

जुनाट_स्टेथो | १० नोव्हेंबर, सकाळी ९:०५

चिवलाताई, मी राजापूरकडचा निवृत्त जनरल प्रॅक्टिशनर. पहिला प्रश्न आणि जांभई मी घेतो, मुठीचं इथल्या फिजिओ सांगतील.

या कानापासून त्या कानापर्यंत डोक्यावर हेअरबँड लावतात ना, साधारण त्याच्याखाली मेंदूच्या सालीत हालचालीचं केंद्र आहे. माँट्रियलच्या पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी १९३७ साली त्याचा नकाशा छापला. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण जागा असताना सालीला विजेचा हलका स्पर्श करायचा आणि कुठला अवयव हलतो ते बघायचं. त्या नकाशात अंगठा आणि बोटांनी अख्ख्या धडापेक्षा जास्त जागा बळकावलीय. तिथून निघालेले तंतू वर ऐसपैस पसरलेले असतात, पण खाली येताना इंटर्नल कॅप्सूल नावाच्या खिंडीत दाटीवाटीने घुसतात. चेहरा, हात, पाय, सगळ्यांचे तंतू काही मिलिमीटरच्या आत.

करूळ घाटात एका वळणावर दरड आली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आंब्याचे ट्रक, मासळीच्या गाड्या, एसटी, सगळं गगनबावड्याच्या अलीकडे खोळंबतं. तीच दरड एखाद्या माळावर पडली असती तर गुराख्यालाही पत्ता लागला नसता. बाबांचा डाग घाटात पडलाय. या भागाला रक्त पोचवणाऱ्या धमन्या अगदी बारीक असतात आणि वर्षानुवर्षांचा रक्तदाब आणि साखर आधी त्यांनाच खराब करतात. बाबांचा दाब किती असतो ते लिहिलं नाहीत. बघा आणि गोळी चुकवू देऊ नका.

पुढे मेंदूच्या देठाच्या तळाशी ८५ ते ९० टक्के तंतू बाजू बदलतात, म्हणून डावीकडच्या डागाने उजवा हात गेला. तिथून मज्जारज्जूत उतरून ते तिथल्या पेशींना निरोप देतात, आणि त्या पेशी स्नायू हलवतात. बाबांच्या त्या पेशी, हाताच्या नसा, स्नायू, सगळं शाबूत आहे. वरून निरोप पोचत नाही एवढंच.

याचा पुरावा जांभईत आहे. जांभई मुद्दाम आणलेली नसते, ती मेंदूच्या देठातल्या जुन्या यंत्रणेकडून येते. तिचा निरोप दरडीच्या खालून निघतो, त्यामुळे हातापर्यंत पोचतो. फ्रेंच डॉक्टरांनी २००५ मध्ये याला पॅराकायनेसिया ब्रेकियालिस ऑसिटन्स असं भरभक्कम नाव दिलं. आईंचा नारळ फुकट गेला असं समजू नका, खोबरं कामी आलं असेल.

---

फणसपोळी | १० नोव्हेंबर, सकाळी १०:२०

वाखुसा (वाचनखूण साठवली). डॉक, घाटाचं उदाहरण एकदम फिट्ट.

---

हातघाई | १० नोव्हेंबर, दुपारी २:४५

रत्नागिरीत फिजिओ आहे, चौदा वर्षं बहुतेक लकव्याचेच रुग्ण बघते. डॉक्टरकाकांच्या उदाहरणात एक बारीक दुरुस्ती. दरड जेसीबीने उपसता येते, मेलेले तंतू येत नाहीत. आजूबाजूची सूज उतरल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बरंच परत येतं, त्यानंतर जे येतं ते बहुतांशी दुसऱ्या रस्त्याने. तुमचा दुसरा प्रश्न या दुसऱ्या रस्त्याचा आहे.

चिवला, बाबा रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायला, जायचे का? रापणीचा दोर ओढताना मूठ, मनगट, कोपर, खांदा, कंबर, सगळं एका दमात लागतं. जाळं विणताना अंगठा आणि तर्जनी सुई फिरवतात, बाकीची बोटं भलतंच काहीतरी धरून असतात. आपल्याला ही दोन्ही कामं हाताचीच वाटतात, मेंदू ती वेगवेगळ्या वाटांनी करतो.

बारीक कामाची वाट म्हणजे डॉक्टरकाकांनी सांगितली ती, सालीपासून मज्जारज्जूपर्यंत. माकडांत आणि माणसांत हिचे काही तंतू मधल्या कुणाला न विचारता थेट बोटांचे स्नायू चालवणाऱ्या पेशींना जाऊन भिडतात. मांजरात असे थेट तंतू नसतात. एकेक बोट वेगळं हलवणं हे यांचं काम. दुसरी वाट मेंदूच्या देठातून निघते, तिला रेटिक्युलोस्पायनल म्हणतात. ही फार जुनी, दोन्ही बाजूंना जाणारी. धड सावरणं, खांदा उचलणं, अख्खी मूठ आवळणं ही हिची कामं. म्हणून खांदा आधी येतो आणि बोटं शेवटी, किंवा येतच नाहीत.

लॉरेन्स आणि कायपर्स यांनी १९६८ मध्ये माकडांची पहिली वाट दोन्ही बाजूंना कापली. काही दिवसांत माकडं चालू लागली, पिंजऱ्याच्या गजांवर चढू लागली, पकडही आली. बोटं सुटी हलवणं मात्र कायमचं गेलं. त्यात एक गंमत होती: गज धरून चढताना मूठ सहज सुटायची, पण हातात खाऊ धरला की तो सोडताना अडकायची. तुमचे बाबा जे म्हणतात तेच.

पुढे २०१२ मध्ये न्यूकॅसलच्या स्टुअर्ट बेकर यांच्या गटाने पाहिलं की पहिली वाट तुटल्यावर माकडांत ही जुनी वाट आपली जोडणी घट्ट करते. पण कुणाशी? हात मिटवणाऱ्या स्नायूंशी. उघडणाऱ्यांशी नाही. तेव्हा बाबांच्या ताकदीत खोट नाही, ती सगळी एकाच बाजूला जाऊन बसलीय. दोर ओढणारा हात परत आलाय, विणणारा अजून यायचाय.

आता बॉल. जे फुकटात परत आलंय त्याचाच बाबा रोज पाचशे वेळा सराव करतायत.

आज एक करून बघा. बाबांना खुर्चीवर बसवा, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत टेबलावर पूर्ण टेकवा, खाली पावडर टाकलेलं गुळगुळीत कापड. सांगा, उघडा. नंतर हात हवेत धरायला लावून तेच सांगा. दोन्हीत काय फरक दिसतो ते इथे लिहा.

---

ओसरीवरून | १० नोव्हेंबर, सायंकाळी ५:१०

अवांतर: रेटिक्युलम म्हणजे लॅटिनमध्ये छोटं जाळं. मेंदूच्या देठातला तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली जाळ्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. बाबांना सांगा, मूठ जाळ्यातच अडकलीय.

---

तिरफळ | १० नोव्हेंबर, सायंकाळी ७:३५

हातघाई, मग माझे मामा खोटं बोलतात का? त्यांना बॉलनेच बरं वाटलं. सगळ्या गावाला चुकीचं म्हणायचं आणि माकडांवर विश्वास ठेवायचा हे पटत नाही.

---

हातघाई | १० नोव्हेंबर, रात्री ९:२०

खोटं कशाला बोलतील? काही जणांची मूठच आलेली नसते, पकड नेभळट असते, त्यांना बॉल उपयोगी पडतो. मामा तसे असतील. बॉल दाबल्याने हाताचा ताठरपणा वाढतो असं काही जण ठामपणे सांगतात, मी सांगणार नाही, तसा पक्का पुरावा नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दिवसात थकवा येण्याआधी हात तासभर मन लावून काम करतो. तो तास बॉलवर खर्च झाला.

---

चिवला | ११ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

केलं! टेबलावर हात पूर्ण टेकवल्यावर अंगठा आणि तर्जनी बोटभर उघडली. बोटभर म्हणजे खरंच एक बोट आत जाईल एवढी. बाबा स्वतःच चकित झाले. मग म्हटलं आता हवेत धरा, तर कोपर वाकला, मनगट खाली पडलं आणि मूठ फट्दिशी बंद. तीनदा करून बघितलं, तीनदा तसंच. आई म्हणते टेबलात काहीतरी आहे.

---

हातघाई | ११ नोव्हेंबर, दुपारी १:०५

टेबलात आहेच. टेबलाने खांद्याचं ओझं उचललं.

खांदा स्वतःच्या बळावर हात तोलायला लागला की जुनी वाट जोरात कामाला लागते, आणि तिला एकटा खांदा हलवता येत नाही. कोपर वाकव, मनगट वाकव, बोटं मिटव असा अख्खा संच एकदम येतो. स्वीडनमधून अमेरिकेत गेलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या फिजिओ बाईंनी याला सिनर्जी म्हटलं आणि हाताच्या सुधारणेच्या पायऱ्या लावल्या. ओझं काढलं की संच सैल पडतो हे शिकागोत ज्यूल्स डेवॉल्ड यांच्या प्रयोगशाळेने यंत्रांनी मोजून दाखवलं. टेबल आणि पावडर लावलेलं कापड ही त्या यंत्राची कोकणातली आवृत्ती.

बोटभर उघडलं याचा अर्थ पहिल्या वाटेचे थोडे तंतू वाचलेत. त्यांना काम द्या. हात टेबलावर, मनगट थोडं मागे वळलेलं, अंगठा-तर्जनीत काजूची बी ठेवा आणि ती सोडायची. धरायची नाही, सोडायची. सोडली की एक चिंचोका वाटीत. जवळच्या फिजिओला विचारून हाताच्या पाठीवरच्या स्नायूंना विजेचं स्टिम्युलेशन मिळालं तर त्याच वेळी उघडायचा प्रयत्न करायला लावा, नुसता करंट घेत बसायचं नाही.

आणि संख्या. अमेरिकेत कॅथरीन लँग यांनी २००९ मध्ये थेरपीच्या वेळी बाजूला बसून मोजलं. हाताच्या कामाचा सराव एका सत्रात सरासरी ३२ वेळा व्हायचा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो, तिथे रोज शेकड्यांनी करून घेतात. तीनशे चिंचोक्यांचं लक्ष्य ठेवा, पण तीन-चार हप्त्यांत.

---

सोलकढी_ग्लासभर | ११ नोव्हेंबर, रात्री ८:५०

घुसखोरीबद्दल माफी. सासूबाईंना परवा रात्री झटका आला, वेंगुर्ल्याहून गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात आणलंय. डावा हात. आज सकाळी बोटं जराशी सरळ केली आणि हात बाजूला थोडा उचलला. काही आशा?

---

हातघाई | ११ नोव्हेंबर, रात्री ९:१५

भरपूर. नेदरलँड्समध्ये २०१० साली नेमकं हेच तपासलं. पहिल्या ७२ तासांत बोटं थोडी सरळ होणं आणि खांदा थोडा बाजूला उचलणं ही दोन्ही दिसली, तर सहा महिन्यांनी हात काही ना काही कामाचा होण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही नसतील तर २५.

एकच सांभाळा. त्यांना उठवताना दुखऱ्या हाताला किंवा काखेत धरून ओढू नका, कुणालाही ओढू देऊ नका. खांद्याचा सांधा या दिवसांत नुसता लोंबत असतो, एकदा निखळून दुखू लागला की महिनोन्‌महिने व्यायाम बंद.

---

चिवला | ११ नोव्हेंबर, रात्री १०:०२

आमच्याकडे पहिल्या तीन दिवसांत बोट हललं नव्हतं. २५ वाले आम्ही. आणि काखेत धरून उठवलं होतं सगळ्यांनी, गाडीत घालताना तर चौघांनी. खांदा अजून दुखतो. कुणी सांगितलंच नाही.

---

जुनाट_स्टेथो | ११ नोव्हेंबर, रात्री १०:३०

चारातला एक असतोच की ताई. शिवाय तुमचा बोटभर उघडलेला हात आज समोर आहे, टक्केवारी पहिल्या तीन दिवसांसाठी होती.

सगळ्यांसाठी: वारं गेलं असं वाटलं की आधी घड्याळ बघा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्याकडून सीटी स्कॅन आणि ते इंजेक्शन असलेल्या ठिकाणी पोचण्यात त्यातले बरेच रस्त्यात जातात. तेल, कबुतर, कौल, सगळं नंतर.

---

आगाऊ_आंबा | १२ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

चांगला हात बांधून ठेवायचा असं ऐकलंय. आमच्या वाडीत एका काकांचा बांधला, त्यांनी दुपारी दाताने गाठ सोडली आणि जेवायला बसले.

---

हातघाई | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४०

काका बरोबर होते. ती पद्धत खरी आहे, पण सगळ्यांसाठी नाही.

मूळ कल्पना एडवर्ड टॉब यांची. दुखरा हात वापरून बघितला, फजिती झाली, चांगल्या हाताने काम भागलं, असं शंभर वेळा झालं की मेंदू दुखऱ्या हाताचा नादच सोडतो, हात करू शकत असला तरी. म्हणून चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि दुखऱ्याकडून तासन्‌तास काम करून घ्यायचं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २२२ रुग्ण होते, झटक्यानंतर तीन ते नऊ महिन्यांतले. दोन आठवडे, जागेपणीच्या ९० टक्के वेळात मोजा. फायदा वर्षभरानंतरही दिसत होता. पण त्यात घ्यायची अटच होती की मनगट आणि बोटं स्वतःहून निदान दहा अंश मागे वळली पाहिजेत. ज्याची बोटं वळतच नाहीत त्याचा चांगला हात बांधणं म्हणजे माणसाला उपाशी ठेवणं. चिवलाचे बाबा अजून त्या उंबरठ्याच्या बाहेर आहेत, फार लांब नाहीत.

"सहा महिन्यांनी संपलं" हे कोणी सांगितलं तर हो म्हणा आणि चिंचोके मोजत राहा. आपोआप होणारी सुधारणा पहिल्या तीनेक महिन्यांत जास्त होते, हे खरं. पण लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या हॉस्पिटलात फक्त हातासाठी तीन आठवड्यांत ९० तास काम करून घेतात. तिथल्या २२४ रुग्णांचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यातल्या निम्म्यांना झटका येऊन दीड वर्ष किंवा जास्त उलटलं होतं, तरी हात सुधारले. ९० तास आपल्याकडे कोण देणार, हा प्रश्न आहेच. घरातलं माणूसच देणार.

---

तिरफळ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:००

मामांना फोन केला. ते म्हणाले, बॉल दाबायचो ते खरं, पण त्या वर्षी घरात सुपारी सोलायला माणूस नव्हता म्हणून दोन महिने रोज सुपारी सोलली. हे त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. बॉलचं श्रेय थोडं मागे घेतो.

---

चिवला | २६ जानेवारी, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय.

नोव्हेंबरभर चिंचोके. कंटाळले, दोनदा वाटी भिरकावली. ताठरपणासाठी बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, विषय निघाला होता. डॉक्टर म्हणाले मनगट अजून हलतंय, आत्ता नको. डिसेंबरात एके दिवशी मी बाजारातून आले तर बाबा पडवीत, टेबल ओढून जाळं पसरून बसलेले. उजवा हात टेबलावर टेकलेला, त्या मुठीत जाळ्याची कड धरलेली, डाव्या हाताने सुई चालवतायत. आयुष्यभर उजव्या हाताने विणलेला माणूस, डाव्याने गाठ मारताना लहान मुलासारखी जीभ बाहेर.

पहिल्यांदा मी रागावले, कारण उजवा हात परत धरायलाच लावला होता. मग लक्ष देऊन बघितलं. एक भोक विणून झालं की कड पुढे सरकवावी लागते, म्हणजे मूठ सोडावी लागते. सोडायची, सरकवायची, परत धरायची. दर भोकाला एकदा. पहिल्या दिवशी अकरा भोकं झाली, दर वेळी डाव्या हाताने अंगठा उचलून. गेल्या आठवड्यात मोजली तर एका बैठकीत १४०, त्यातली बहुतेक डाव्या हाताच्या मदतीशिवाय. हवेत अजूनही मूठ बंदच होते. सुई उजव्या हातात येत नाही, धरली की फिरत नाही. बटणं आई लावते.

हातघाईताई, हे तुम्ही सांगितलेल्यात बसतं का?

---

हातघाई | २६ जानेवारी, सायंकाळी ६:५५

बसतं काय, माझ्या चिंचोक्यांपेक्षा सरस आहे. टेबल हळूहळू खाली करत जा, महिन्याला दोन बोटं, म्हणजे खांदा थोडं थोडं ओझं घ्यायला शिकेल. खांदा दुखला की परत वर. रत्नागिरीला आणलंत तर एकदा मनगटाचे अंश मोजून देते, मोज्याचं मग ठरवू.

---

चिवला | २६ जानेवारी, रात्री ९:३०

आणते. बाबांना धागा वाचून दाखवला. ओसरीवरून यांच्या जाळ्याच्या कोटीवर हसले. तिरफळ यांना निरोप आहे: "बॉल नातवाक दिलंय म्हणान सांग. तेणी पयल्याच दिसा विहिरीत घातलो."

---

नवा_सदस्य_रेवदंडा | ३ फेब्रुवारी, सकाळी ११:४०

खूप छान माहिती. माझ्या वडिलांनाही गेल्या महिन्यात लकवा झाला. हाताच्या व्यायामासाठी कुठला बॉल चांगला, स्पंजचा की रबरी?